डोळे मिटून उघडलेलं पान

आज जरा घरच्याच विषयावर लिहिते आहे. म्हटलं तर धर्माचा विषय, म्हटलं तर जमिनीचा. दोन्ही एकत्र कसे आले ते पुढे कळेलच.

आम्हा वसईच्या कॅथलिक लोकांत एक सवय पुष्कळ घरांतून दिसते. मुलीला स्थळ आलं, मुलाला आखातातून नोकरीचं पत्र आलं, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, की बायबल हातात घ्यायचं, डोळे मिटायचे, एक 'नमो मारिया' म्हणायची आणि पुस्तक उघडून बोट ठेवायचं. बोट जिथे पडेल ते देवाचं उत्तर! मग ते वचन आपल्या प्रश्नाला कसं लागू पडतं यावर घरात चर्चा. आणि लागूच पडलं नाही तर? तर पुन्हा एकदा डोळे मिटायचे...

मी याला हसत नाही बरं का. असं करणारी माणसं भाबडी असतील, पण खोटी नसतात. आणि या रीतीला मोठमोठ्या संतांचा आधार आहे. इ. स. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत संत ऑगस्टिन रडत बसला होता. शेजारच्या घरातून एका मुलाचा आवाज आला, 'घे, वाच' असं काहीतरी तो पुन्हापुन्हा म्हणत होता. ऑगस्टिनने उठून संत पौलाची पत्रं उघडली, नजर पडली तो उतारा वाचला, आणि त्याचं आयुष्य बदललं. असिसीच्या संत फ्रान्सिसनेही आपल्या पहिल्या सोबत्याबरोबर चर्चमध्ये जाऊन शुभवर्तमानाचं पुस्तक तीनदा उघडलं, आणि तिन्ही वेळा जे आलं त्यावर आपल्या संघाचा पाया घातला.

पण ऑगस्टिनची ही गोष्ट सांगताना आपण दोन गोष्टी गाळतो. एक म्हणजे, ते पुस्तक तिथे आपोआप आलेलं नव्हतं. तो कित्येक दिवस पौलाची पत्रं वाचत होता, त्यांच्याशी झगडत होता, म्हणून ते जवळ होतं. जमीन नांगरून तयार होती, बी तेवढं त्या दिवशी पडलं. आणि दुसरी गोष्ट जास्त गंमतीची. पुढे बिशप झाल्यावर, इ. स. ४०० च्या सुमारास, याच ऑगस्टिनने एका पत्रात लिहिलं की लोक शुभवर्तमानाच्या पानांतून कौल लावतात. भुताखेतांना विचारण्यापेक्षा हे बरं म्हणायचं, पण प्रपंचाच्या व्यवहारासाठी देवाच्या शब्दाचा असा वापर आपल्याला आवडत नाही. बघा, ज्याला उघडलेल्या पानातून देव भेटला, तोच सांगतो की कौल लावू नका!

कौल म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. हो की नाही, एवढाच प्रश्न, आणि उजवा की डावा, एवढंच उत्तर. बायबलकडून आपण नकळत तेच मागतो.

चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पहिल्या रविवारी दरवर्षी रानातल्या मोहाचा उतारा वाचला जातो. मत्तय आणि लूकच्या उताऱ्यात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. नुसतं म्हणत नाही, तर स्तोत्रातलं वचन काढून दाखवतो! मला लहानपणापासून या गोष्टीचं नवल वाटत आलं आहे. सैतानाला बायबल पाठ आहे. वचन खरं आहे, शब्द बरोबर आहेत, आणि तरी सल्ला खोटा आहे. येशू त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर देतो, आणि ते वचन तो देवाची परीक्षा पाहण्यासाठी वापरत नाही. तेव्हा नुसतं वचन सापडलं म्हणजे वाट सापडली असं नाही. ते कोण वापरतंय, कशासाठी वापरतंय, हे बघावं लागतं.

शाळेत मी तेहतीस वर्षं शिकवलं. मराठी माझा विषय, पण लहान वर्गांना गणितही शिकवावं लागे. त्यांच्या गणिताच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर उत्तरं असत. काही मुलं आधी उत्तर बघून मग गणित मांडायची. उत्तर बरोबर, रीत चुकलेली. मी त्यांना अर्धेच गुण द्यायचे आणि ती रुसायची. "बाई, उत्तर तर बरोबर आहे ना?" त्यांना कसं सांगावं की पुढच्या आयुष्यात जी गणितं येतात त्यांची उत्तरं कुठल्याच पुस्तकाच्या मागे नसतात, तिथे रीतच उपयोगी पडते.

आता आमच्या लोकांची बाजूही सांगते. बायबल हातात घेऊन वाचायची सवय आम्हाला तशी नवीनच आहे. गोव्यात राहून फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे ११ हजार मराठी ओव्यांत बायबलची कथा! पण रोजच्या उपासनेची भाषा लॅटिनच राहिली. प्रोटेस्टंट मंडळींकडे मराठी बायबल केव्हाच होतं. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, आयुष्याची अखेरची वर्षं खर्चून, सगळं बायबल मराठीत आणलं. आमच्याकडे मात्र मी शाळेत जात होते तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होती. आजी मिस्साभर जपमाळ ओढत बसायची, कारण दुसरं करणार काय? मग दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी देवशब्दाविषयीचा तिचा दस्तऐवज जाहीर झाला. पवित्र शास्त्राचं दार सगळ्या श्रद्धावंतांना सताड उघडं असावं, हा त्याचा एक मुख्य आग्रह. आणि ते वाचताना लेखकाला काय म्हणायचं होतं, लिखाणाचा प्रकार कोणता, आणि सगळ्या शास्त्राचा मिळून सूर कोणता, हे बघावं, असंही त्यात सांगितलं आहे. मराठीच्या शिक्षिकेला हे लगेच पटतं. कविता आणि कायदा एकाच पद्धतीने वाचून कसं चालेल?

त्यानंतर १९६९ मध्ये मिस्सेतल्या वाचनांचा नवा क्रम आला. पूर्वी दरवर्षी तेच उतारे यायचे आणि रविवारी जुना करार जवळजवळ नसायचाच. आता तीन वर्षांचं चक्र आहे. 'अ' वर्षी मत्तय, 'ब' वर्षी मार्क, 'क' वर्षी लूक, योहान मधूनमधून. जोडीला जुन्या करारातलं एक वाचन, एक स्तोत्र आणि एखाद्या पत्रातला भाग. हा तपशील मी उगाच देत नाहीये. पुढच्या गोष्टीत त्याचं काम आहे.

तर आता जमिनीकडे येते. (भावाला विचारूनच लिहिते आहे. त्याला हा लेख फोनवर वाचून दाखवला. तो काय म्हणाला ते शेवटी.)

आमच्या वडिलांची दीड एकराची वाडी. केळी, थोडी पानवेल, कडेला भाजी, आणि कोपऱ्यात बावखल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आमची वसई एकेकाळी त्याच्यावर पिकत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. २०२१ मध्ये आई गेली. मागे आम्ही तिघं, मी थोरली, मग भाऊ, मग धाकटी बहीण. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू, त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे साठ गुंठ्यांचे तीन भाग, वीस वीस गुंठे.

कागदावर हे सोपं आहे. पण आमच्याकडे रीत अशी की बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही करायची आणि माहेरची वाट मोकळी ठेवायची. सही केली तर नाताळला कुसवाराचं ताट येतं, नाही केली तर येत नाही, असं गमतीने म्हणतात. ती गंमत नसते.

२०२२ च्या उन्हाळ्यात भावाने आम्हा दोघींना बोलावून कागद पुढे ठेवला. आरडाओरडा नाही, दमदाटी नाही. चहा झाला, मग म्हणाला, "ताई, बघून घे, आणि सवडीने सही कर." मला पेन्शन आहे, राहायला घर आहे, मुलं मार्गी लागलेली. मला त्या वीस गुंठ्यांची गरज नव्हती. पण धाकटीचा नवरा अकाली गेला, पेन्शन नाही, मुलगा अजून शिकत होता. आणि मला पक्कं ठाऊक होतं की मी सही केली की तिच्यापुढे पेन ठेवताना सगळे म्हणणार, "ताईने केली, तुला काय झालं?"

म्हणजे प्रश्न माझ्या सहीचा नव्हता, माझ्या सहीच्या सावलीचा होता.

आता सल्ले सुरू झाले. आणि आमच्या घरात सल्ले बायबलसकट येतात! एका नातेवाईकाने अब्रामाची गोष्ट काढली. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांत भांडण लागतं, कारण एवढ्या गुरांना जमीन पुरेनाशी होते. तेव्हा वडीलधारा असून अब्राम म्हणतो, आपल्यात तंटा नको, आधी तू निवड, उरेल ते मी घेईन. लोट यार्देनेकडचा हिरवागार भाग निवडतो. "बघ," तो नातेवाईक म्हणाला, "मोठ्याने सोडायचं असतं."

दुसऱ्या एका बाईंनी सलाफहादाच्या मुली काढल्या. ही गोष्ट कमी लोकांना माहीत असते. गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पाच बहिणी सगळ्या मंडळीसमोर मोशेपुढे येऊन उभ्या राहतात. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप मेला, भाऊ नाही, मग आमच्या बापाचं नाव आणि वतन का बुडावं, असं त्या विचारतात. मोशे स्वतः निर्णय देत नाही, तो प्रश्न देवापुढे नेतो. आणि देव सांगतो की मुलींचं म्हणणं योग्य आहे. "बघा," त्या बाई म्हणाल्या, "देवच तुमच्या बाजूचा!"

झालं! एक वचन म्हणतं सोड, दुसरं म्हणतं धर. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तर काय आलं असतं कोण जाणे. शिवाय खरं सांगायचं तर सलाफहादाच्या मुलींना भाऊ नव्हता. तिथला नियम मुलगा नसेल तर मुलीला, असा आहे. कायद्याचं कलम म्हणून ते पान काढलं असतं तर आमच्या भावानेच ते खिशात घातलं असतं! तेव्हा कलम शोधायला त्या पुस्तकात गेलं की आपणच फसतो.

मी त्या दोन गोष्टी रोज थोड्या थोड्या वाचत राहिले. घाईने नाही. बाराव्या शतकात गुइगो नावाच्या एका कार्थुसियन मठवासीयाने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. वाचायचं, त्यावर मनन करायचं, मग प्रार्थना करायची, आणि शेवटी देवासमोर गप्प बसायचं. त्याने याला खाण्याची उपमा दिली आहे. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे चावणं. आमच्या गोठ्यातल्या गाई दुपारी करायच्या तसा रवंथ म्हणा ना.

रवंथ करता करता दोन गोष्टी दिसायला लागल्या. अब्रामाने सोडलं ते स्वतःचं. लोटाचा वाटा त्याने कुणाला देऊन टाकला नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उदारपणे वाढणं याला त्याग म्हणत नाहीत. आणि सलाफहादाच्या मुली पाच होत्या, पण एकत्र आल्या. एकटी महला पुढे गेली, चार घरी राहिल्या, असं नाही. त्यांची नावं बायबल गाळत नाही. गणनेच्या पुस्तकात पुन्हा येतात, यहोशवाच्या पुस्तकातही येतात. हजारो नावांच्या त्या जंगलात पाच बहिणींची नावं कुणीतरी जपून ठेवली आहेत.

एवढ्याने माझा निर्णय अर्धा झाला. पण अर्धाच. कारण या दोन्ही गोष्टींत मी आणि धाकटी होतो, भाऊ कुठेच नव्हता.

तो आला ३१ जुलै २०२२ च्या रविवारी. 'क' वर्षातला सामान्यकाळाचा अठरावा रविवार. वाचनं मी निवडली नव्हती, फादरांनीही निवडली नव्हती. जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी तीच होती. शुभवर्तमान लूकच्या बाराव्या अध्यायातलं. गर्दीतून एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की वाडवडिलांच्या मालमत्तेतला माझा वाटा मला दे. मी बाकावर ताठ बसले! आता प्रभूच निवाडा करतो म्हटलं. आणि येशू काय करतो? निवाडा करायला नकार देतो. मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं, असं विचारतो. मग लोभापासून सांभाळा म्हणतो आणि त्या श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगतो, ज्याला उदंड पीक येतं, जो मोठी कोठारं बांधायचं ठरवतो आणि त्याच रात्री मरतो.

फादरांनी प्रवचन लोभावर केलं, ते योग्यच होतं. पण माझं मन त्याआधीच्या वाचनात अडकलं होतं. ते उपदेशकाच्या पुस्तकातलं. माणूस अक्कल खर्च करून, घाम गाळून कमावतो, आणि शेवटी ते ज्याने त्यासाठी कष्ट केले नाहीत त्याच्या हाती सोडून जातो, हे किती व्यर्थ, अशी त्या म्हाताऱ्या ज्ञान्याची तक्रार आहे.

आणि मला भाऊ दिसला. चाळीस वर्षं त्या वाडीत उभा असलेला. पहाटे पाणी लावणारा. पाऊस जास्त झाला की केळी आडवी पडतात, तेव्हा बांधावर गप्प बसून राहणारा. आईचं शेवटचं दुखणं रात्र रात्र जागून काढणारा. मी त्या वेळी मुलांच्या वह्या तपासत होते, त्यात वावगं काही नाही, ज्याचं त्याचं काम. पण त्या कागदाच्या मागे लोभच आहे असं आमच्याकडचे काही जण बोलत होते, आणि त्या रविवारी मला कळलं की त्यामागे उपदेशकाचा प्रश्न आहे. मी राबलो आणि ज्या राबल्या नाहीत त्यांना हे जाणार का? हा प्रश्न बायबलमध्ये आहे, म्हणजे तो विचारायला लाज वाटण्यासारखा नाही.

हे पान मी स्वतः कधी उघडलं नसतं. माणूस स्वतः निवडतो तेव्हा आपल्याच बाजूची पानं निवडतो. चर्च वर्षभर क्रमाने वाचायला लावतं त्याचा हा मोठा फायदा. आपल्याला नको असलेलं पानही कधी ना कधी समोर येतं.

३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोलाचाही सण. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून तो अंथरुणावर पडला होता. करमणुकीला वीरकथा हव्या होत्या, पण घरात मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या गोष्टी. वाचता वाचता त्याला एक शोध लागला. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येई, पण नंतर मन कोरडं पडे. ख्रिस्तासाठी काही करण्याचा विचार केला तर नंतरही शांत वाटत राही. वाचताना काय वाटतं यापेक्षा वाचून झाल्यावर काय उरतं, ते त्याने बघायला सुरुवात केली. मीही तेच करून पाहिलं. 'सही करून टाकावी आणि सुटावं' हा विचार केला की क्षणभर हलकं वाटे, पण रात्री धाकटीचा चेहरा समोर येई. 'कायद्याने भांडावं' असा विचार केला की अंगात जोर येई, पण सकाळी तोंड कडू. तिसरा विचार भीतीदायक होता, पण तो केल्यावर झोप लागत असे.

तरी शेवटचा सल्ला घ्यायचा राहिला होता. आमच्या कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, जुन्या कराराची ४६ आणि नव्याची २७. प्रोटेस्टंट बायबलपेक्षा सात जास्त. त्या सातांतलं एक सिराखचं. ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकात यरुशलेममध्ये राहणाऱ्या एका शिक्षकाने लिहिलेलं (म्हणून माझं फार आवडतं!). त्याच्या सदतिसाव्या अध्यायात सल्ला कुणाला विचारू नये याची यादी आहे. भित्र्याला लढाईबद्दल विचारू नये, आळशाला कामाबद्दल विचारू नये, विकत घेणाऱ्याला विक्रीबद्दल विचारू नये. हे वाचून मी मोठ्याने हसले. कारण त्या दिवसांत एक जमिनीचा एजंट रोज फोन करून मला 'तुमच्या भल्याचं' सांगत होता! पुढे सिराख म्हणतो की देवाला भिऊन वागणाऱ्या आणि तुमचं दुःख वाटून घेणाऱ्या माणसाला विचारा, मग स्वतःच्या अंतःकरणाचं ऐका, आणि सगळ्यात वर, देवाने वाट दाखवावी म्हणून प्रार्थना करा. क्रम बघा. प्रार्थना सगळ्यांच्या वर आहे, पण माणसं आणि स्वतःची अक्कल वगळलेली नाही.

मी एका जुन्या मैत्रिणीला विचारलं. तिने वचन सांगितलं नाही. म्हणाली, "भावाला हे सगळं तू सांगितलंस का?" नव्हतं सांगितलं, कारण अजून ठरलंच नव्हतं. मग गेले.

भावाला म्हटलं, "माझ्या वीस गुंठ्यांवर मी हक्कसोड करते, तुझ्या नावाने. तू राबलास, ते तुझं आहे. पण धाकटीचे वीस गुंठे मोजून, सात-बारावर तिचं नाव लागल्याशिवाय माझी सही होणार नाही."

तो काही बोलला नाही. पुढचे आठ महिने काहीच बोलला नाही. त्या वर्षी नाताळला ताट आलं नाही. धाकटी रडून म्हणाली, "ताई, राहू दे, माझ्यापायी नको." बायबल वाचून निर्णय घेतला की सगळं गोड होतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोड झालं नाही. त्या आठ महिन्यांत मला शांत वाटत होतं, पण आनंद नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात हे त्या वयात शिकले.

२०२३ च्या ईस्टरच्या थोडं आधी एका संध्याकाळी तो आला. पिशवीत केळ्याचा घड आणि मोजणीच्या अर्जाची पावती. "बावखलाच्या बाजूचे देतो तिला," म्हणाला, "तिकडे पाणी आहे." एवढंच. पुढे सोपस्कार झाले, धाकटीचं नाव लागलं, आणि मी माझी सही केली. आज तिचा तुकडाही तोच कसतो आणि हंगामाचे पैसे तिला आणून देतो. संबंध अगदी पूर्वीसारखे झाले असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. पण ताट येतं.

मागे एका भाचीने विचारलं होतं, "आत्या, बायबलमधून मार्गदर्शन मिळतं म्हणजे नक्की काय होतं गं?" तिला तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं, आता प्रयत्न करते. त्या पुस्तकाने मला सही कर किंवा करू नको असं कधीच सांगितलं नाही. प्रभूने तर वाटणी करायला चक्क नकार दिला. पण त्या पुस्तकाने मला तीन माणसं नीट दाखवली, धाकटी, भाऊ, आणि मी. तिघंही दिसल्यावर काय करायचं ते समजायला फार हुशारी लागली नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी माझी साधी पद्धत सांगते. येत्या रविवारची वाचनं गुरुवारीच काढायची. आधी जुन्या करारातलं, मग स्तोत्र, मग शुभवर्तमान. एक दिवस नुसतं वाचायचं. दुसऱ्या दिवशी त्यात आपल्याला न आवडलेली ओळ कोणती ते शोधायचं (आवडलेली आपोआप सापडते). तिसऱ्या दिवशी गप्प बसायचं. भाषेची अडचण वाटत असेल तर आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' जवळ ठेवावं. २०१० मध्ये आलं. आजच्या मराठीत आहे, मुलांनाही कळतं. फादर २५ जुलै २०२४ रोजी गेले, पण काम करून गेले. आणि जमलं तर एकट्याने वाचू नये. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणारा तो कूशी देशाचा अधिकारी फिलिपाला सांगतो, की कुणी समजावल्याशिवाय मला कसं कळणार? एवढा मोठा अधिकारी, पण विचारायला लाजला नाही.

आता भावाचं. लेख वाचून झाल्यावर फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "एक चुकलंय. पानवेल थोडी नव्हती, अर्धी वाडी पानवेलच होती. तू शाळेत असायचीस, तुला काय माहीत!"

दुरुस्ती मान्य. अर्धी वाडी पानवेल होती.